अप्पासाहेब पटवर्धन आणि सफाईचा शीण

सन २०१६ च्या सप्टेंबर महिन्यांत केंद्र सरकारनें ग्रामीण स्वच्छतेची जी पाहणी प्रसिद्ध केली तींत सपाट प्रदेशांतील जिल्ह्यांमध्यें सिंधुदुर्गास पहिलें स्थान मिळालें. (आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट पायीं उतरून आलेल्या माणसास ‘सपाट’ या विशेषणाचें हंसूं येईल, पण सरकारी वर्गवारीपुढें सह्याद्रीचाही इलाज चालत नाहीं.) जिल्ह्याचें कौतुक झालें तें योग्यच झालें. मात्र त्या निमित्तानें जें लिहिलें गेलें व आमच्या वाचनांत आलें, त्यांत संडासांची संख्या होती, घरांची टक्केवारी होती. ज्या हातांनीं हें काम होतें त्या हातांविषयीं, आणि ते हात ज्यांचे त्यांच्या मनाविषयीं, फारसें कांहीं आढळलें नाहीं.

याच जिल्ह्यांत, कणकवलीनजीक वागदे येथें, १९४८ सालीं गोपुरी नांवाचा आश्रम निघाला. त्याचे संस्थापक सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन (१८९४-१९७१) यांना कोंकण अप्पासाहेब या नांवानें ओळखतें. ‘कोंकणचे गांधी’ असेंही त्यांस म्हणत. महाविद्यालयांतील अध्यापन सोडून ते गांधीजींकडे गेले, गांधीजींच्या आत्मकथेचें त्यांनीं मराठींत भाषांतर केलें, आणि १९३० च्या मे महिन्यांत शिरोड्याच्या मिठागरांवर जो सत्याग्रह झाला त्या चळवळींत ते पुढें होते. हा वृत्तांत कोणत्याही चरित्रकोशांतून मिळेल. आम्हांस येथें पाहावयाची बाजू निराळी आहे. समाजाची घाण काढण्याचें काम ज्याच्या वांट्यास येतें त्याच्या शरीराचें व मनाचें काय होतें, आणि तें नुकसान पुरतें टाळतां येत नसेल तर निदान कमी कसें करावें, हा प्रश्न अप्पासाहेबांनीं सोडला नाहीं. हल्लीं अशा विषयास ‘व्यावसायिक ताण’ म्हणतात आणि त्यावर व्याख्यानें होतात. पूर्वीं त्यास शीण म्हणत. आम्हीं जुनाच शब्द ठेवला आहे. कारण त्यांत अंग आणि मन यांची फारकत झालेली नाहीं.

मालवणच्या किनाऱ्यावरील खेड्यांत हा प्रश्न बराच काळ उघडपणें उद्भवला नाहीं. ‘परसाकडे जाणें’ हा आपल्या भाषेंतील प्रयोगच सांगतो कीं, माडांचा आडोसा, ओहोळाचा कांठ किंवा समुद्राची पुळण यांवर लोकांचें भागत असे. त्यापासून होणारे रोग हा दुसरा विषय आहे. शहरें वाढलीं, घराला घर चिकटलें, म्हणजे टोपलीचे संडास आले. वर बसण्याची फळी, खालीं टोपली किंवा डबा, आणि मागल्या बोळांत उघडणारें एक बुटकें दार. पहांटेच्या सुमारास त्या दारांतून एक माणूस, आणि पुष्कळदां ती बाईच असे, पत्र्याच्या तुकड्यानें मैला पाटींत ओढी, पाटी डोक्यावर घेई आणि बोळाच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या गाडीपर्यंत नेई. कोंकणचा पावसाळा चार महिन्यांचा. पाटीला भोंकें पडलेलीं असत. त्यांतून जें गळे तें कपाळावरून खालीं येई. वाचकास हें वर्णन किळसवाणें वाटेल. तें वाचण्यास अर्धें मिनिट लागतें. तें काम करणारास हयात घालवावी लागे.

नाक लवकर मरतें. कोणत्याही वासाची संवय होते, आणि या कामांतलीं माणसेंही तसेंच सांगतात. पण डोळा मरत नाहीं. वाटेंत भेटणारी बाई नाकास पदर लावते, दुकानदार पैसे जमिनीवर ठेवावयास सांगतो, पाणी मागितलें तर तें वरून ओततात, हें दिसावयाचें कसें थांबणार? मैल्याची किळस मैल्यापाशीं राहत नाहीं. ती वाहणाऱ्याच्या अंगाला लागते, आणि आंघोळीनें ती जात नाहीं. दारूवांचून हें काम होत नाहीं असें या धंद्यांतील लोक सांगत आले आहेत. ज्यांच्या घरची घाण ते काढीत त्याच लोकांनीं पुढें ‘हे दारुडेच’ असा शेरा मारला. कारण आणि कार्य यांची अशी उलटापालट करण्यांत आपला समाज वाकबगार आहे. अरुण ठाकूर व महम्मद खडस यांनीं या लोकांच्या जिण्याचा शोध घेऊन ‘नरक सफाईची गोष्ट’ हें पुस्तक लिहिलें. मराठी वाचकानें तें एकदां तरी वाचावें.

गांधीजींच्या आत्मकथेंत या विषयाचें एक प्रकरण आहे. डरबन येथील त्यांच्या घरीं पाहुणे आणि कारकून राहत. खोल्यांना मोऱ्या नव्हत्या. रात्रीचीं भांडीं उचलून साफ करावीं लागत, आणि तें काम गांधीजी व कस्तुरबा करीत. अस्पृश्य गणलेल्या जातींत जन्मलेला एक ख्रिस्ती कारकून आला, आणि त्याचें भांडें उचलण्याचा प्रसंग कस्तुरबांवर आला. त्यांनीं तें उचललें. पण डोळे लाल झाले होते, गालांवरून आसवें वाहत होतीं, आणि तशा स्थितींत त्या जिना उतरत होत्या. पतीस तेवढ्यानें समाधान नव्हतें. काम हंसतमुखानें झालें पाहिजे असा त्याचा आग्रह. वाद विकोपास गेला, आणि त्यानें पत्नीचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढीत नेलें. पुढें ही हकीकत त्यानें स्वतःच, लाजेनें मान खालीं घालून, जगास सांगितली.

हें प्रकरण अप्पासाहेबांच्या लेखणींतून मराठींत उतरलें. भाषांतरकाराला मूळ वाक्यापाशीं वाचकापेक्षां अधिक वेळ थांबावें लागतें. त्या जिन्यावरील बाईपाशीं अप्पासाहेब किती वेळ थांबले हें कोणास ठाऊक? परंतु त्या हकीकतींत पुढच्या सगळ्या वादाचें बीज आहे. भांडें एकच, घाण एकच. गांधीजींस त्यांत व्रत दिसत होतें, कस्तुरबांस त्यांत सक्ति दिसत होती. आणि ज्याला सक्ति वाटते त्यानें वर हंसलेंही पाहिजे असें म्हणणें हा त्या सक्तीवरचा आणखी एक भार होय. शीण कोठून उपजतो हें समजण्यास मानसशास्त्राच्या ग्रंथांची गरज नाहीं. हा जिना पुरे आहे.

आतां १९३२ सालाकडे येऊं. सप्टेंबरच्या २४ तारखेस पुणें करार झाला होता. गांधीजी येरवड्यास बंदींत होते आणि अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगांत. तुरुंगांत भंगीकाम जातीवरून वांटलेलें असे. ज्या जातीकडे तें बाहेर, त्याच जातीच्या कैद्याकडे तें आंत. भिंतीबाहेरची वर्णव्यवस्था भिंतीआंत सरकारी शिस्त म्हणून पाळली जात होती. अप्पासाहेबांनीं तें काम आपणांस द्यावें अशी मागणी केली. ती नाकारण्यांत आली; तेव्हां त्यांनीं अन्न कमी केलें. ही बातमी येरवड्यास पोंचली आणि पत्रव्यवहारानें कांहीं निष्पन्न होईना, तेव्हां डिसेंबरच्या ३ तारखेस गांधीजींनीं सहानुभूतीचा उपवास आरंभला. सरकारनें चौकशीचें आश्वासन दिल्यावर दुसऱ्या दिवशीं तो सुटला.

मैला उचलूं द्या, एवढ्यासाठीं दोन तुरुंगांत दोन माणसें उपाशी बसलीं, ही गोष्ट जगाच्या इतिहासांत विरळा. तिचें मोल कमी करण्याची आमची इच्छा नाहीं. जातीनें लादलेलें काम दुसऱ्या जातीचा माणूस हट्टानें मागून घेतो, तेव्हां ‘हें त्यांचेंच काम’ या समजुतीला पहिला तडा जातो. तरीही येथें थांबून एक प्रश्न विचारलाच पाहिजे. अप्पासाहेबांस तें काम मागावें लागलें, याचा अर्थ तें सोडण्याचीही त्यांस मोकळीक होती. काम आटोपल्यावर आंघोळ करून ते चार माणसांच्या पंक्तीस बसूं शकत, आणि त्यांच्याविषयींचा आदर वाढलेलाच असे. जन्मानें त्या पाटीखालीं आलेल्या बाईस यांतलें कांहींच मिळत नव्हतें. दोघांची पाटी वजनाला सारखी असली तरी दोघांचा शीण सारखा नव्हे.

हा आक्षेप सर्वांत तीव्रपणें डॉ. आंबेडकरांनीं मांडला. त्यांचें मूळ गांव आंबडवे हेंही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांतलेंच. १९४५ सालच्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, ज्यांच्यावर हें काम जन्मानें लादलें आहे त्यांनाच त्याची थोरवी सांगणें ही असहाय लोकांची क्रूर थट्टा आहे. गांधीजींनीं १९३६ च्या अखेरीस ‘हरिजन’ पत्रांत आदर्श भंग्याचें चित्र रेखाटलें होतें: त्यास संडास कसा बांधावा हें कळावें, जंतुनाशकें माहीत असावीं, मैल्याचें खत करतां यावें. वाचतांना तें चित्र मोठें सुंदर वाटतें. एखाद्या आरोग्याधिकाऱ्याचें वर्णन वाचावें तसें. पण आरोग्याधिकाऱ्यास पगार असतो, रजा असते आणि राजीनामा देण्याचा हक्क असतो.

राजीनाम्याच्या या गोष्टीवरून १९४६ साल आठवतें. त्या वर्षीं मुंबईंतील सफाई-कामगारांनीं संप केला. गांधीजी त्या सुमारास दिल्लींत भंगी वस्तींत मुक्कामाला होते; त्यांच्या आस्थेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तरीही ‘हरिजन’मध्यें त्यांनीं संपास संमति दिली नाहीं. सफाईचें काम एक दिवसही थांबतां कामा नये, रोगराई पसरेल, असा त्यांचा विचार. आणि आरोग्याच्या दृष्टीनें तो खोटा म्हणतां येत नाहीं. परंतु दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवून पाहावेत. १९३२ मध्यें काम मिळावें म्हणून एका माणसानें अन्न कमी केलें, त्याच्या पाठीशीं महात्मा स्वतः उपाशी राहिला. १९४६ मध्यें कामाच्या अटी सुधाराव्यात म्हणून हजारों माणसांनीं तेंच काम थांबविलें, त्यांस तो पाठिंबा मिळाला नाहीं. ज्या कामावांचून शहराचें एक दिवसही चालत नाहीं, तें करणारास विसाव्याचा हक्क अधिक असावा कीं कमी, याचें उत्तर तेव्हांही नीट दिलें गेलें नाहीं आणि आजही आपण तें टाळतों.

अप्पासाहेबांचें आम्हांस विशेष वाटतें तें यापुढें. स्वार्थत्यागाचीं उदाहरणें महाराष्ट्रांत इतरही होतीं. सेनापति बापट पारनेरास झाडू घेऊन रस्ते झाडीत. गाडगेबाबा दिवसा गांव झाडून रात्रीं कीर्तनांत माणसांचीं मनें झाडीत. अप्पासाहेब त्याच मालिकेंतले, पण त्यांनीं आपलें लक्ष कामाच्या घडणीकडे वळविलें. किळस ही केवळ मनाच्या मोठेपणानें जिंकावयाची वस्तु नव्हे. ती साधनांनीं आणि व्यवस्थेनें कमी होते, हें त्यांच्या खटपटीवरून दिसतें. मेलेल्या जनावराचें कातडें सोडविण्याचें काम त्यांनीं स्वतः केलें आणि गोपुरींत चर्मालय चालविलें. या कामाची पार्श्वभूमि ध्यानांत ठेवली पाहिजे. १९२७ च्या महाड परिषदेपासून महार समाजानें मृत जनावरांचें मांस आणि त्या भोंवतालचीं हीन गणलेलीं कामें टाकण्याचा निश्चय केला होता, आणि तो सर्वथा योग्य होता. मग गोठ्यांत मेलेला बैल ओढावयाचा कोणीं? ज्याचा बैल त्यानें, किंवा जो कोणी तें शास्त्र शिकेल त्यानें, असें उत्तर कृतीनें देणारा सवर्ण माणूस त्या काळच्या कोंकणांत सहजासहजीं मिळणारा नव्हता.

मैल्याच्या बाबतींत त्यांचा भर सोनखतावर होता. हा शब्द मोठा विलक्षण आहे. आपल्या भाषेनें मैल्याला सोनें म्हटलें. तो वाहून शेतापर्यंत नेणाऱ्याला मात्र तिनें एखादें बरें नांव दिलें नाहीं. असो. सोनखतामागचें तत्त्व सोपें आहे. ताजा मैला उघड्यावर हाताळणें हीच सगळ्या अनर्थाची जागा. तोच खड्ड्यांत पडला, त्यावर माती, पालापाचोळा किंवा राख पडत गेली, आणि पुरेसे महिने तो झांकलेला राहिला, म्हणजे आंतील ऊब आणि काळ हे आपलें काम करतात. जंतु मरतात, वास जातो, आणि हातांत घेण्यासारखी काळी माती उरते. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत कंपोस्टाची जी पद्धति शास्त्रशुद्ध केली तिचें तत्त्वही हेंच. शेतकऱ्यास यांत खताचा लाभ दिसतो. आम्हांस यांत सफाई करणाराचा लाभ अधिक दिसतो. त्याला जें उचलावें लागतें त्याचें रूपच पालटलेलें असतें. रोजच्या रोज नव्हे, वर्षाकांठीं केव्हां तरी उचलावें लागतें. आणि तें डोक्यावरून नव्हे, फावड्यानें व घमेल्यानें, दिवसाउजेडीं, कोणीही करावें असें काम होतें. काम कोणीही करावें असें झालें कीं तें कोणा एका जातीचें राहण्याचें कारण उरत नाहीं.

सरकारच्या हातून जें झालें तें याच दोन वाटांमध्यें घोटाळत राहिलें. मुंबई सरकारनें १९४९ मध्यें सफाई-कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यास बर्वे समिति नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्यें आला, आणि १९५५ मध्यें केंद्रीय गृहखात्यानें त्यांतील मुख्य शिफारशी सर्व राज्यांकडे धाडल्या. १९५७ मध्यें प्राध्यापक मलकानी यांच्या अध्यक्षतेखालीं केंद्राची समिति बसली; तिनें १९६० मध्यें अहवाल दिला. डोक्यावरून मैला नेणें बंद करावें, ढकलगाड्या द्याव्यात, हातमोजे व बूट द्यावेत, असा एकंदर सूर. ढकलगाडी आली म्हणजे कपाळावरून गळणें थांबलें, ही लहान गोष्ट नव्हे. जिच्या कपाळावरून तें गळत होतें तिला विचारावें. पण ढकलगाडीमुळें टोपलीचा संडासही तगून राहिला, हेंही तितकेंच खरें. त्रास कमी करण्याच्या प्रत्येक उपायापाठीमागें ही भीति असते: सोसणें सुसह्य झालें म्हणजे सोसावयास लावणारें मूळ कारण लोक विसरतात.

मलकानींच्या समितीपुढें आणखी एक चमत्कारिक गोष्ट आली. अनेक ठिकाणीं अमुक घरांचे संडास अमुक कुटुंबानें साफ करावयाचे असा वंशपरंपरेचा हक्क रूढ झालेला होता, आणि हा हक्क गहाण पडे, विकला जाई, लग्नांत दिलाही जाई. त्याचा निकाल लावण्यास १९६५ मध्यें वेगळी समिति नेमावी लागली. बाहेरच्यास वाटेल, नरकाचा हक्क कोण सांभाळतो? पण ज्याच्याजवळ दुसरें कांहीं नाहीं तो जें आहे तें सोडीत नाहीं. ‘हे लोक स्वतःच काम सोडण्यास तयार नाहींत’ असें म्हणणारांनीं या हक्काच्या जागीं दुसरें काय देऊं केलें, तें पाहावें.

यापुढचा इतिहास कायद्याच्या पुस्तकांत आहे आणि तो थोडक्यांत सांगितला तरी चालेल. टोपलीच्या संडासांस बंदी करणारा कायदा १९९३ मध्यें झाला. दुसरा, अधिक व्यापक, २०१३ मध्यें. गटारांत व मैल्याच्या टाक्यांत उतरून मेलेल्या माणसांच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असें सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०१४ मध्यें सांगितलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रक्कम तीस लाख केली. दोन निकालांच्या मधल्या नऊ वर्षांत माणसें उतरत राहिलीं. टाकींत विषारी वायु साचतो, पहिला माणूस बेशुद्ध पडतो, त्यास काढावयास दुसरा उतरतो आणि तोही पडतो. मेलेल्यांत पुष्कळदां भाऊ-भाऊ किंवा बाप-लेक असतात, त्याचें कारण हें. दुसऱ्या माणसाच्या मनांत त्या क्षणीं काय येत असेल याची नोंद कोणत्याही समितीनें केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

सिंधुदुर्गांतील घराघरांतून आज संडास आहेत. खेड्यांसाठीं स्वच्छ भारत मोहिमेनें जो प्रकार पुरस्कारिला तो दोन शोषखड्ड्यांचा: एक भरला कीं तो बंद करून दुसरा चालू करावयाचा, आणि पहिला वर्षभर तसाच राहूं द्यावयाचा. वर्षानंतर त्यांत निर्धोक खत मिळतें. सोनखतामागचें जुनें तत्त्व सरकारी नकाशांत आलें, असें म्हणतां येईल. मात्र लोक तो खड्डा उघडावयास धजत नाहींत. आंत माती आहे हें बुद्धीस पटतें, हातास पटत नाहीं. थेट दिल्लीचे स्वच्छता खात्याचे सचिव २०१७ च्या फेब्रुवारींत तेलंगणांतील गंगादेवीपल्ली या गांवीं गेले, आणि असा एक खड्डा त्यांनीं इतर अधिकाऱ्यांसह स्वतः उतरून रिकामा केला. वर्तमानपत्रांतून त्याचीं छायाचित्रें आलीं. रत्नागिरीच्या तुरुंगांतील मागणीला तेव्हां चौऱ्यांयशीं वर्षें झालीं होतीं.

मालवण-वेंगुर्ल्याकडील जमीन कोठें जांभ्याची, कोठें वाळूची. खड्डा भरण्यास वेळ लागतो. पण २०१६ च्या आसपास खणलेले खड्डे आतां कोठें कोठें भरत आले असतील. झांकण काढावयास घरधनी स्वतः फावडें घेतो, कीं फोन करून कोणाला बोलावतो, आणि बोलावलेला माणूस कोणत्या वाडीचा असतो, हें ज्याच्या त्याच्या परसांत पाहतां येईल.